वारसांच्या कागदांमागे एक दिवस

सकाळी 8. नागपूरच्या प्रतापनगरात घराच्या पुढच्या खोलीतच माझे ऑफिस आहे. आज माटे चौकाकडच्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. काका गेले, मृत्युपत्र केलेले नाही. घर काकांच्या नावावर, मुदत ठेवी दोन बँकांत.

"वकीलसाहेब, एक बँक प्रोबेट आणा म्हणून राहिली," मुलगा म्हणाला.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला. इथे मृत्युपत्रच नाही. शिवाय नागपुरात ते असले तरी प्रोबेटची सक्ती नसते. 1925 च्या कायद्याने ती सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नईपुरती ठेवली होती. त्या बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी नाही, म्हणून फार तर सक्सेशन सर्टिफिकेट लागेल. तेही येणे रकमा आणि शेअर यांच्यापुरते. घराला ते चालत नाही.

"दुसऱ्या बँकेत मी नॉमिनी आहे. ते पैसे माझेच ना?"

"नाही भाऊ. बँक तुमच्या हातात देईल, पण हक्क सगळ्या वारसांचा." विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच सांगितले, शेअरबाबत 14 डिसेंबर 2023 ला. तरी घराघरांत भांडणे इथूनच पेटतात.

वारस विचारले तर त्याने तिघे सांगितले: आई, तो आणि लग्न झालेली ताई. काटोलला राहणारी आजी त्याच्या मोजणीतच नव्हती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयताची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. हिस्से चार, सारखे. काकू लगेच म्हणाल्या, "आईंचं नाव पहिलं लिहा." मला फार बरे वाटले.

11 वाजता सिव्हिल लाइन्सला, जिल्हा न्यायालयात. एका सक्सेशनच्या अर्जात वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवर कुणाची हरकत आली नाही, काम पुढे सरकले. हरकत आली की असाच अर्ज वर्षानुवर्षे चालतो.

दुपारी 2. फी परवडत नाही म्हणणाऱ्या एका ताईंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवले. 1987 च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. हे अजूनही बायकांना कुणी सांगत नाही.

4 वाजता नगर भूमापन कार्यालय. आखीव पत्रिकेवर वारसांची नावे चढवायची. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा असेल तर तिथेही अर्ज. महापालिकेच्या झोन ऑफिसच्या टॅक्स पावतीवर नाव आले म्हणून मालकी येत नाही. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे, आणि तिच्या खऱ्या मर्जीने.

संध्याकाळी 7. बंगळुरूहून फोन: "नागपुरात चांगला वकील कसा शोधू?" बार कौन्सिलच्या नियमाने आम्हाला जाहिरात करता येत नाही, तेव्हा ज्यांची अशी कामे झाली त्यांनाच विचारावे. पहिल्या भेटीत जो सगळे वारस आणि मूळ कागद विचारतो, फी लिहून देतो, पुढे केस नंबर देतो, त्याच्याकडे जावे. मिळकतीत टक्का मागणाऱ्याकडे जाऊ नये. तसे मागणे नियमाविरुद्ध आहे.

आणि वाचकहो, मृत्युपत्र साध्या कागदावरही होते. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या, आणि कागद कुठे ठेवला ते घरात सांगून ठेवा.