चादरींचा हिशेब

हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेणारी बहुतेक मुलं किचनवर डोळा ठेवून येतात. टीव्हीवरच्या पाककृतींच्या स्पर्धा बघितलेल्या असतात, पांढरा कोट आणि उंच टोपी मनात पक्की बसलेली असते. वेळापत्रकात मात्र फूड प्रॉडक्शन, सर्व्हिस आणि फ्रंट ऑफिस यांच्या जोडीला ‘अकोमोडेशन ऑपरेशन्स’ असतं. त्याला सगळे हाउसकीपिंगच म्हणतात आणि तो तास बऱ्याच जणांना शिक्षा वाटतो. हॉटेलची नोकरी सोडल्यापासून मी याच विषयाच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून जाते. त्यामुळे माझं मत पक्षपाती असणारच: या पदवीच्या नावात जे मॅनेजमेंट आहे, ते मुलांना सगळ्यात आधी इथे भेटतं. फक्त बहुतेकांना ते ओळखू येत नाही.

परीक्षेला समोर उघडा पलंग असतो. गादीवर प्रोटेक्टर, त्यावर खालची चादर सुलट, आणि तिच्यावरची दुसरी चादर उलट. इथे निम्मी मुलं घुटमळतात. उलट का, तर डोक्याकडे ती ब्लँकेटवर दुमडली की सुलट बाजू आपोआप वर येते. पायथ्याचा कोपरा ४५ अंशांत मोडून गादीखाली असा सारायचा, की घडीची रेघ दिसावी, फुगवटा दिसू नये. उश्यांच्या खोळींची तोंडं दाराकडून दिसता कामा नयेत. मुलं हे सगळं पाठ करून येतात. मी बघते त्यांच्या पायांकडे. एक बाजू पुरी केल्याशिवाय दुसऱ्या बाजूला जायचं नसतं. पलंगाला एकच वळसा. रूम अटेंडंटला एका पाळीत साधारण १२ ते १६ खोल्या असतात. प्रत्येक पलंगामागे दोन फेऱ्या वाढल्या तर त्या संध्याकाळी कंबरेतून वसूल होतात. चादर ताणताना घामाघूम झालेला मुलगा पलंगाभोवती चौथ्यांदा फिरला, की मी कागदावर एक बारीक खूण करते.

मग ट्रॉली. भारतातल्या बऱ्याच हॉटेलांत टास्कीची रसायनं असतात आणि मुलांची त्यांच्याशी ओळख नंबरानंच होते. आर-वन बाथरूमला, आर-थ्री काचेला, आर-सिक्स कमोडला. नंबर सगळ्यांना येतात. मी विचारते, आर-सिक्समध्ये ब्लीच ओतलं तर? ‘जास्त स्वच्छ होईल मॅडम,’ हे उत्तर मी ऐकलेलं आहे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो सगळ्यात आधी साफ करणाऱ्याच्याच छातीत जातो. या प्रश्नावर मी कुणाला सूट देत नाही.

खोली तपासायची ती नुसती दारात उभं राहून नाही. पलंगावर आडवं व्हायचं, खुर्चीत बसायचं, कमोडवरही बसायचं, कारण पाहुणा तिथूनच बघतो. आडवं झाल्यावर छतावरची एसीची जाळी दिसते; बसल्यावर बेसिनची खालची बाजू आणि दारामागचा केस. हुशार मुलींनासुद्धा परीक्षकासमोर असं आडवं व्हायला संकोच वाटतो. मी पाठ फिरवते.

मुंबईच्या दादरमधली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेनं सुरू केली. तो अन्नटंचाईचा काळ होता. संस्थेच्या लांबलचक नावात ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ अजून आहे, ते त्या दिवसांचं. म्हणजे या शिक्षणाची सुरुवात पंचतारांकित लॉबीतून झालेली नाही. आहे ते पुरवायचं कसं, हा प्रश्न तेव्हाही होता. हाउसकीपिंगमध्ये तो चादरींच्या रूपानं येतो.

तोंडी परीक्षेला मी त्याचाच हिशेब घालते. १०० खोल्या, प्रत्येकीत दोन पलंग, प्रत्येक पलंगाला ब्लँकेटच्या वरची धरून तीन चादरी. एका वेळी अंथरायलाच ६०० लागतात. याला एक पार म्हणतात. पण एक पार अंथरलेला असताना एक मळका झालेला असतो, एक लाँड्रीत असतो, एक मजल्यावरच्या पँट्रीत आणि एक लिनन रूममध्ये विसावलेला. धुऊन आलेल्या सुती कापडाला लगेच कामाला जुंपलं तर ते लवकर विरतं. असे पाच पार म्हणजे ३००० चादरी. मालकाला हा आकडा नेहमीच जास्त वाटतो. तो तीन पारांत भागवायला सांगतो. आणि मग लाँड्रीचं एक मशीन बंद पडलं की खोली रिकामी असूनही रिसेप्शनला पाहुण्याला चावी देता येत नाही. फ्रंट ऑफिसच्या तासाला शिकवलेलं सगळं गोड बोलणं तेव्हा लॉबीत खर्ची पडतं.

फाटलेली चादरही वहीतून सहज सुटत नाही. मधोमध विरलेल्या चादरीच्या धडक्या कडांतून खोळी निघतात, उरलेल्याचे डस्टर होतात. आणि तिला बाद ठरवणारी सही असल्याशिवाय ती कात्रीखाली जात नाही. हे ऐकताना मुलांचे चेहरे कंटाळलेले असतात. दुसऱ्या वर्षी महिनोन्‌महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंगला जाऊन आलेली मुलं मात्र वेगळी ओळखू येतात. त्यांनी मजल्यावर चादरी कमी पडल्यावर शेजारच्या पँट्रीतून गुपचूप उचलून आणलेल्या असतात, आणि आपल्या उचलून नेल्यावर भांडणंही केलेली असतात.

यंदा एका मुलीला विचारलं: हॉटेल भरलेलं आहे, गणपतीत लाँड्री दोन दिवस बंद, हातात तीनच पार. काय करशील? ती म्हणाली, ‘मॅडम, आधी फ्रंट ऑफिसकडून यादी घेईन, कोण जाणार आणि कोण राहणार. राहणाऱ्यांच्या खोलीत ते पाणी वाचवायचं कार्ड असतंच ना, सांगितल्याशिवाय चादर बदलणार नाही असं लिहिलेलं. ते उशीवर ठेवीन.’

‘आणि जाणाऱ्यांच्या?’

‘त्यांच्या खोल्यांपुरत्या चादरी आज सकाळीच मोजून कुलपात ठेवीन. नाहीतर बाकीच्या मजल्यांवरचे उचलतात.’

पलंगाला तिनं दोन वळसे घातले होते. तेवढेच मार्क कापले.