फ्लोच्या घराण्याचा 'फ'

१४ जुलै १९६० रोजी जेन गुडाल टांगानिका सरोवराकाठी गोम्बेला उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळ दुर्बीण होती, वही होती, पदवी नव्हती. वय २६. काही महिन्यांतच करड्या दाढीचा एक चिंपांझी वाळवीच्या वारुळापाशी बसलेला त्यांना दिसला. भोकात गवताची काडी घालायची, जरा थांबायचं, अलगद ओढायची आणि चिकटलेली वाळवी ओठांनी टिपायची, असा उद्योग चालला होता. कधी कधी डहाळीची पानं ओरबाडून चिंपांझी काडी आधी तयारही करून घेत. अवजार बनवावं ते माणसानंच, हे तोवरचं ठाम मत त्या वारुळापाशी डळमळलं.

केंब्रिजच्या विद्वानांना मात्र खटकलं भलतंच. बाईंनी चिंपांझींना क्रमांक न देता नावं दिली होती! डेव्हिड ग्रेबिअर्ड, फ्लो, फिफी. त्यांच्या लेखातले 'ही' आणि 'शी' खोडून संपादकानं 'इट' केलं. बाईंनी ते पुन्हा बदललं. (मराठीत ही पंचाईत नाही. वाघ 'तो', घार 'ती'. माकड बिचारं तेवढं 'ते'.)

संपादकाची धास्ती अगदीच पोकळ नव्हती म्हणा. बर्लिनचा 'हुशार हान्स' हा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली ओळखून तो थांबतो, हे १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं. झालं! प्राण्याच्या मनाविषयी बोलणारा भाबडा ठरू लागला. मला नवल वाटतं ते याचं, की माणसाची ती पुसटशी हालचाल टिपणाऱ्या घोड्याचं कौतुक कुणाला फारसं सुचलं नाही.

'उपजत प्रेरणा' हा शब्द मला फ्लिंटपाशी तोकडा पडतो. १९७२ साली म्हातारी फ्लो ओढ्याकाठी मेली. तिचा फ्लिंट साडेआठ वर्षांचा, तरी आईचा पदर न सोडलेला. ती गेल्यावर एकदा तो झाडावर चढला, काही दिवसांपूर्वी दोघं जिथे झोपली होती त्या रिकाम्या घरट्याकडे टक लावून बघत राहिला आणि खाली उतरला. खाणं सुटलं, आजारी पडला, महिनाभरात तोही गेला. उपजत प्रेरणा जीव जगवायला असते. मग इथे भूक कशानं मेली?

मन मानलं की त्यातला काळोखही मानावा लागतो. गोम्बेतला एक समूह फुटून दोन गट झाले होते, आणि कालपर्यंत एकमेकांचे केस निवडणाऱ्या नरांनी जुन्या सोबत्यांना १९७४ ते १९७८ या काळात एकेकटं गाठून मारलं. बाई हादरल्या, पण नोंदी लपवल्या नाहीत.

२०१२ साली वैज्ञानिकांनी जाहीरनामा काढला: सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारख्या इतर अनेक जिवांकडेही जाणिवेला लागणारी मज्जायंत्रणा आहे. गाव कुठलं? केंब्रिज!

१ ऑक्टोबर २०२५ रोजी जेनबाई गेल्या, वयाच्या ९१व्या वर्षी. गोम्बेतल्या नोंदी चालूच आहेत, आणि फ्लोच्या घराण्यातली नावं 'फ'वरूनच ठेवली जातात.