खासगी जाळे, सार्वजनिक वाट

एका शाखेत भरलेले पैसे दुसऱ्या गावातल्या शाखेतून काढता येणे, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, त्यासाठी दोन्ही शाखांतील संगणकांना जोडणारी एखादी वाट असावी लागते, हा विचारही खातेदाराच्या मनात येत नाही. ही वाट बहुतेक वेळा बँकेच्या मालकीची नसते. ती दूरसंचार कंपनीची असते आणि त्याच तारेतून त्याच क्षणी एखाद्या औषध कंपनीची, विमा कंपनीची, कदाचित प्रतिस्पर्धी बँकेचीही माहिती धावत असते. तरीही बँक त्याला 'आपले खासगी जाळे' म्हणते. हे खासगीपण नेमके कशात आहे, हे समजून घेण्यासाठी 'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' अर्थात व्हीपीएन ही संकल्पना पाहावी लागते.

येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. मोबाइलवर जे व्हीपीएनचे अ‍ॅप उतरवून घेतले जाते, ते माहिती सांकेतिक रूपात बदलून इंटरनेटवरून एका ठरावीक सर्व्हरपर्यंत नेते. दूरसंचार कंपन्या मोठ्या ग्राहकांना जे व्हीपीएन विकतात, ते याहून पूर्णपणे वेगळे असते. नाव एकच असल्यामुळे पहिल्याचे गुण दुसऱ्याला चिकटवले जातात आणि गैरसमजाची सुरुवात तेथूनच होते.

पूर्वी दोन कार्यालये जोडायची, तर दूरसंचार कंपनीकडून 'लीज्ड लाइन' भाड्याने घ्यावी लागे. ती ग्राहकासाठी राखून ठेवलेली असे आणि म्हणूनच महाग असे. पुढे फ्रेम रिले आणि एटीएम ही तंत्रे आली. (हे एटीएम म्हणजे पैसे देणारे यंत्र नव्हे, माहिती वाहून नेण्याच्या एका पद्धतीचे ते नाव आहे.) त्यांत तारा सामाईक असत, पण दोन टोकांमध्ये एक आभासी मार्ग आखून दिलेला असे. अडचण संख्येची होती. प्रत्येक शाखा दुसऱ्या प्रत्येक शाखेशी थेट जोडायची म्हटली, तर १० शाखांना ४५ मार्ग पुरतात. १०० शाखांना मात्र ४,९५० लागतात. एक नवी शाखा उघडली की आणखी शंभर मार्ग आखायचे, हा व्याप कोणालाच परवडणारा नव्हता.

मार्च १९९९ मध्ये सिस्को कंपनीतील एरिक रोझेन आणि याकोव रेख्तर यांनी 'आरएफसी २५४७' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि या कोड्याला निराळे उत्तर दिले. फेब्रुवारी २००६ मध्ये 'आरएफसी ४३६४' ने त्याची जागा घेतली. शाखाशाखांमध्ये मार्ग आखण्याऐवजी प्रत्येक शाखेने फक्त सेवा पुरवठादाराच्या जवळच्या राउटरशी जोडले जायचे आणि पुढची वाट शोधण्याचे काम पुरवठादारावर सोपवायचे, असा हा विचार होता. मग शाखा शंभर असोत वा हजार, नव्या शाखेला एकच जोडणी लागते.

पण पुरवठादाराच्या दारात शेकडो ग्राहक एकाच वेळी उभे राहिले की, पत्त्यांचा प्रश्न येतो. १० या आकड्याने सुरू होणारे पत्ते संस्थांतर्गत वापरासाठी सर्वांना मोकळे आहेत. त्यामुळे बँकेच्या संगणकाचा जो पत्ता, तोच औषध कंपनीच्या संगणकाचाही असू शकतो. यावर दोन उपाय योजले आहेत. पुरवठादाराच्या सीमेवरील राउटर प्रत्येक ग्राहकासाठी मार्गांचा वेगळा तक्ता ठेवतो. एकाच दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी वही असावी, तसा. शिवाय हे मार्ग पुरवठादाराच्या दुसऱ्या सीमा-राउटरांना कळवताना ४ बाइटच्या पत्त्याआधी ८ बाइटची खूण लावली जाते आणि एकसारखे दिसणारे पत्तेही वेगळे ठरतात. कोणता मार्ग कोणत्या वहीत उतरवायचा, हे 'राउट टार्गेट' नावाची आणखी एक खूण ठरवते.

प्रत्यक्ष माहितीचा प्रवास 'एमपीएलएस' पद्धतीने, म्हणजे लेबले लावून होतो. प्रत्येक पॅकेटवर दोन लेबले चढतात. बाहेरचे लेबल पलीकडच्या सीमा-राउटरपर्यंतची वाट दाखवते, तर आतले तेथे पोहोचल्यावर पॅकेट कोणत्या ग्राहकाचे, हे सांगते. मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन उमगेल. वाटेत डबा हाताळणाऱ्याला जेवणाऱ्याचे नाव माहीत नसते. त्याला झाकणावरची स्थानकाची खूण पुरते. इमारत आणि मजला यांची खूण वाचतो तो शेवटचा माणूस. पुरवठादाराच्या जाळ्याचा कणा असलेल्या मधल्या राउटरांनाही ग्राहकांचे पत्ते ठाऊक नसतात आणि म्हणूनच ग्राहक कितीही वाढले तरी त्यांचे ओझे आवाक्यात राहते. फरक एवढाच, की डब्यावरची खूण शेवटपर्यंत तीच राहते, तर बाहेरचे लेबल टप्प्याटप्प्यावर बदलत जाते.

हा दाखला आणखी एका बाबतीतही लागू पडतो. डब्याला कुलूप नसते. एकाचा डबा दुसऱ्याकडे जात नाही, तो खुणांमुळे. पण वाटेतल्या कोणी झाकण उघडायचे ठरवले, तर खूण त्याला अडवू शकत नाही. एमपीएलएस व्हीपीएन ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. माहिती मात्र सांकेतिक करत नाही. फेब्रुवारी २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या 'आरएफसी ४३८१' या सुरक्षाविषयक विश्लेषणाने ही पद्धत फ्रेम रिले किंवा एटीएमइतकी सुरक्षित ठरवली आहे, पण पुरवठादारावर विश्वास ठेवावाच लागतो, हेही त्यात स्पष्ट केले आहे. हा विश्वास केवळ त्याच्या सचोटीवर नाही, तर अचूकतेवरही ठेवावा लागतो. तंत्रज्ञाच्या हातून राउट टार्गेटचा एक आकडा चुकला, तर एका ग्राहकाचे मार्ग दुसऱ्याच्या वहीत उतरू शकतात आणि दोन परकी जाळी आतून जोडली जातात.

वाटेतल्या झाकणाचा प्रश्न २०१३ मध्ये साऱ्या जगासमोर आला. गुगल आणि याहू यांच्या माहिती केंद्रांना जोडणाऱ्या खासगी तारांवरून अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तचर संस्था माहिती उचलत असल्याचे वृत्त 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ऑक्टोबरमध्ये दिले. ती काही एमपीएलएस व्हीपीएन सेवा नव्हती. पण तारा बाहेरच्यांना खुल्या नाहीत म्हणून त्यांवरून साधी माहिती पाठवायला हरकत नाही, ही समजूत तीच होती. दोन्ही कंपन्यांनी आपल्या केंद्रांमधली वाहतूक सांकेतिक करण्याची पावले उचलली.

भारतातील बँकांच्या जाळ्याची मांडणी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या संस्थेने १९९९ मध्ये बँकांसाठी 'इन्फिनेट' हे बंदिस्त जाळे सुरू केले. आरंभी ते उपग्रहावरून चालणाऱ्या व्हीसॅट यंत्रणेवर होते; पुढे तेही एमपीएलएसवर आले. पण त्यावरून जाणारे आर्थिक संदेश केवळ जाळ्याच्या बंदिस्तपणावर विसंबून नव्हते. २००१ मध्ये आलेल्या 'एसएफएमएस' या संदेश यंत्रणेत डिजिटल स्वाक्षरी आणि सांकेतिकीकरण यांची स्वतंत्र तरतूद होती.

इतर ग्राहकांनाही असे कुलूप लावता येते. 'आयपीसेक' या पद्धतीने शाखेतील राउटर माहिती बाहेर पडण्यापूर्वीच सांकेतिक करतो. पुरवठादाराचे जाळे मग बंद डबेच वाहते. यंत्रावरचा भार थोडा वाढतो, किल्ल्या सांभाळाव्या लागतात आणि पॅकेटमध्ये माहितीसाठी उरणारी जागा कमी होते. मात्र करार करताना एक बाब अनेकदा नजरेतून सुटते. कित्येक संस्था शाखेतला राउटरही पुरवठादारालाच चालवायला देतात. अशा वेळी त्या राउटरवर लावलेल्या कुलपाची किल्ली पुरवठादाराच्याच हाती राहते आणि ज्यांना ते नको असते, त्यांना त्या राउटरच्या मागे, आपल्या बाजूला, स्वतःचे यंत्र बसवावे लागते.