डोंगा, सांगड, उतारू : पैनगंगा-प्राणहितेच्या काठची शब्दसंपत्ती

नार्नूर हे डोंगराळ मुलखातले गाव. नौकेचा विषय निघाला की इथला विद्यार्थी कोकणाकडे किंवा केरळकडे बोट दाखवतो. पण नार्नूरच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंचा-काळेश्वरजवळ गोदावरीत विसर्जित होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे मराठी भाग मुंबई राज्यात गेले. राज्ये वेगळी झाली, तरी काठांवरची सोयरीक आणि बाजारहाट तुटले नाहीत. पूल नव्हते तिथे हे नाते नावाड्याच्या हाती होते.

या नद्यांवरचे जुने साधन म्हणजे डोंगा. मोठ्या झाडाचा बुंधा आतून कोरून तो करीत. डोंगा अरुंद असतो, म्हणून बसणाऱ्याने तळाशी, मधोमध बसायचे आणि उभे राहायचे नाही. उथळ पाण्यात लांब बांबू तळाला रेटून आणि खोल पाण्यात वल्ह्याने तो चालवतात. भरल्या नदीत नावाडी सरळ समोर जात नाही. आधी काठाकाठाने वरच्या अंगाला जातो आणि मग तिरपा उतरतो. प्रवाहच डोंगा ढकलत समोरच्या घाटाला लावतो. किती वर जायचे, हे पाण्याचा रंग आणि वेग पाहून ठरते. हे ज्ञान ढीवर, भोई अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

एका डोंग्यावर न मावणारे ओझे न्यायचे असेल, तर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकतात. अशा जोडीला मराठीत 'सांगड' म्हणतात. पोहण्यासाठी एकत्र बांधलेल्या वाळक्या भोपळ्यांनाही तोच शब्द आहे. आज आपण वर्गात 'सिद्धान्त आणि व्यवहार यांची सांगड घाला' असे सांगतो, तेव्हा नदी डोळ्यांसमोर नसते. पण अर्थ नदीवरचाच आहे: एकट्याने बुडणाऱ्या दोन गोष्टी बांधल्या की त्या ओझे पेलतात. सांगड म्हणजे नुसता संबंध नव्हे, परस्परांचा आधार.

असे आणखी शब्द पाहा. 'नदी उतरणे' म्हणजे नदी ओलांडणे, म्हणून ओलांडणारा तो 'उतारू'. आता आगगाडीतला प्रवासीही उतारूच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की नदीला 'पायउतार' होतो, म्हणजे ती पायी ओलांडता येते. वर्तमानपत्रात मात्र मंत्री पायउतार होतात. 'तड' म्हणजे काठ. काम 'तडीस' नेणे म्हणजे ते काठाला लावणे, आणि 'तडीपार' म्हणजे काठापलीकडे घालवलेला.

शेजारच्या भाषांकडे पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. संस्कृत 'द्रोणी' म्हणजे लाकडी पात्र किंवा कोरीव होडी. तेलुगूत 'दोने' आणि कन्नडमध्ये 'दोणी' ही नाव आहे. मराठीत 'डोण' हे गुरांना पाणी पाजण्याचे दगडी वा लाकडी पात्र आणि 'द्रोण' हे पानांचे. तेलुगूत त्या पानाच्या द्रोणाला 'दोन्ने' म्हणतात. नाव असो, गुरांचे पात्र असो की पंगतीतला द्रोण, मूळ कल्पना पोकळ आकाराची आहे. मराठी आणि तेलुगू दोन्ही कानांवर पडणाऱ्या आपल्या मुलांना ही व्युत्पत्ती पुस्तकाशिवाय समजू शकते.

आता बहुतेक मोठ्या वाटांवर पूल झाले आहेत आणि ते हवेच होते. पुरात अडलेले बाळंतपण किंवा बुडालेली परीक्षा यांची आठवण असलेला कोणीही डोंग्याचे दिवस परत मागणार नाही. पण पूल झाला की घाट ओस पडतो, नावाड्याचा मुलगा दुसऱ्या कामाला लागतो आणि घाटावरचे शब्द म्हाताऱ्यांपाशी राहतात. 'सांगड' वाचला, कारण तो वाक्प्रचारात शिरला. डोंग्याच्या टोकाला, तळातले पाणी उपसण्याच्या भांड्याला, भोवऱ्याच्या प्रकारांना इथे काय म्हणत, ते शब्द वाक्प्रचारात शिरले नाहीत. ते कोशातही सापडतीलच असे नाही.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नदीकाठी आजोळ असलेल्या विद्यार्थ्यांना सुट्टीत एक वही द्यावी. आजी-आजोबांना विचारून प्रत्येक शब्द मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोलीत लिहावा. पुढे गावाचे नाव आणि तो शब्द असलेले त्यांच्याच तोंडचे एक वाक्य नोंदवावे. वाक्याशिवाय शब्द घेऊ नये, कारण अर्थ वापरात असतो. पन्नास वह्या जमल्या तर या सीमाभागाचा नदीकोश तयार होईल आणि तो दोन्ही काठांचा असेल.