टायटनवरचे गोटे

फोटोतले ते गोटे आधी नीट बघा. कडा झिजून गोलसर झाल्यात. काहींच्या बुडाजवळची वाळू वाहून गेल्यासारखी दिसते. गोटा असा आपोआप गोल होत नाही, प्रवाहात तो लोटला जावा लागतो, घासला जावा लागतो. नदीकाठी वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण हा फोटो शनीच्या टायटन या चंद्रावरचा आहे. तिथलं तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस, आणि हे गोटे दगडाचे नसून बहुधा बर्फाचे आहेत!

एवढ्या थंडीत बर्फ खडकासारखा कठीण होतो, मग पाणी वाहणार कुठून? तिथे वाहतो तो मिथेन. आपल्या गोबरगॅसमध्ये जळणारा हा वायू टायटनवर द्रवरूप होतो, पाऊस होऊन कोसळतो, ओढ्यांतून धावतो. खडक वेगळा, पाणी वेगळं, आणि तरीही नदी अगदी ओळखीची. मला या फोटोचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते याचंच.

हा फोटो काढला युरोपीय अवकाश संस्थेच्या 'हायगेन्स' यानानं. 'नासा'च्या 'कॅसिनी' यानाला बिलगून सात वर्षं प्रवास केल्यावर १४ जानेवारी २००५ रोजी ते टायटनच्या दाट नारिंगी धुक्यात शिरलं. खाली जमीन लागेल की समुद्र, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्हींची तयारी ठेवली होती. पॅराशूटच्या आधारानं सुमारे अडीच तास ते उतरत राहिलं. धुकं विरळ झालं तशा खाली काळपट रेघा दिसू लागल्या: लहान ओहोळ मोठ्याला मिळालेले, मोठा सखल मैदानाकडे गेलेला. त्या दिवशी ते कोरडेच होते.

जमिनीवर टेकल्यावरही यान तासाभराहून जास्त वेळ बोलत राहिलं. समोरचे तेच गोटे ते पुन्हा पुन्हा टिपत होतं आणि वरून जाणारी कॅसिनी ते फोटो झेलत होती. कॅसिनीवरच्या दोन रिसीव्हरपैकी एक सुरू करण्याची आज्ञाच द्यायची राहून गेली, त्यामुळे निम्मे फोटो कायमचे हरवले. हाती आले ते साधारण ३५०. हरवलेल्यांची हळहळ आजही वाटते. गोट्यांचा मूळ फोटो कृष्णधवल आहे. नारिंगी छटा नंतर, यानानंच मोजलेल्या प्रकाशाच्या नोंदींवरून भरली. तिथे भरदुपारीही पृथ्वीवरच्या दुपारच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याइतका उजेड पोचतो.

ओहोळ आहेत, तर ते जाऊन मिळतात कुठे? त्याचं उत्तर पुढे कॅसिनीच्या रडारनं दिलं. टायटनच्या उत्तर ध्रुवाकडे द्रवरूप मिथेन आणि इथेनची सरोवरं पसरली आहेत. त्यांतला सर्वांत मोठा जलाशय म्हणजे 'क्राकेन मारे', आकारानं आपल्या कॅस्पियन समुद्राच्या तोडीचा. त्याच्या शेजारच्या 'लायजिया मारे'ला येऊन मिळणारी, शेकडो किलोमीटर लांबीची एक नदीही रडारच्या चित्रांत स्पष्ट दिसते, आणि ती कोरडी नाही.