माळीण : एका गावाचा विनाश व पुनर्वसन

प्रस्तावना :
नैसर्गिक आपत्तीत संपूर्ण वस्ती नष्ट होणे व तिला अन्यत्र वसवावे लागणे, अशी उदाहरणे जगभर आढळतात. कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेरात बेटाची राजधानी प्लिमथ हे नगर १९९५ पासून सुरू झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे राखेखाली गेले व तेथील लोकांना स्थलांतर करावे लागले. महाराष्ट्रात आज जागृत ज्वालामुखी नाही. परंतु सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या मातीनेच पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गिळले. प्रस्तुत लेखात या घटनेचा व त्यानंतरच्या पुनर्वसनाचा विचार केला आहे.

दुर्घटना व कारणमीमांसा :
आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण हे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचे गाव होय. दि. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी गावालगतचा डोंगर कोसळला. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली. १५१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

तीव्र उतारावरील झिजलेल्या खडकाचा थर सच्छिद्र असतो. अतिवृष्टीत त्यात पाणी मुरते, मातीचे वजन वाढते व तिच्या कणांची परस्परांवरील पकड सुटते. परिणामी संपूर्ण थर खालच्या कठीण खडकावरून घसरतो. भातखाचरांसाठी उतारावर केलेले सपाटीकरण, म्हणजेच पडकई, या दुर्घटनेस कितपत कारणीभूत ठरले याविषयी बरीच चर्चा झाली. मात्र ज्या समाजाकडे उताराखेरीज जमीनच नाही, त्याच्यावर सर्व दोष टाकणे न्याय्य ठरत नाही.

पुनर्वसन :
वाचलेल्या कुटुंबांना प्रथम पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहावे लागले. पुढे जवळच आमडे येथे ६० हून अधिक घरांचे नवे गाव उभारण्यात आले व एप्रिल २०१७ मध्ये ते ग्रामस्थांना सोपविण्यात आले. तथापि जून २०१७ च्या पावसातच तेथील रस्ते खचले, भराव वाहून गेले व जमिनीला भेगा पडल्या. ज्या भीतीपोटी गाव हलविले, तीच भीती नव्या उंबरठ्यावर पुन्हा उभी राहिली.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे स्थलांतरित झाली. तेथे सपाट भूमी उपलब्ध होती. सह्याद्रीत ती दुर्मीळ आहे. शेतापासून दूर जावे, तर उपजीविका तुटते. जवळ राहावे, तर पुन्हा डोंगराचाच पायथा नशिबी येतो. हाच डोंगरी पुनर्वसनातील मूळ पेच होय.

निष्कर्ष :
२०२१ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळिये व २०२३ मध्ये इरशाळवाडी येथे हीच शोकांतिका घडली. यावरून दुर्घटनेपूर्वीच धोकादायक वस्त्या निश्चित करणे, घरे बांधण्यापूर्वी जागेची भूशास्त्रीय तपासणी व पाण्याच्या निचऱ्याची सोय करणे आणि या प्रक्रियेत ग्रामस्थांच्या अनुभवास स्थान देणे आवश्यक ठरते. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचा झपाट्याने विकास झालेल्या याच जिल्ह्यात, काही तासांच्या अंतरावर, अनेक वस्त्या आजही प्रत्येक पावसाळा डोंगराकडे पाहत काढतात. भिंती उभारल्या म्हणजे घर होते. परंतु पावसाच्या रात्री निर्धास्त झोप लागली, तरच त्यास पुनर्वसन म्हणता येईल.