५२५ चा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत अध्यापनाची उत्पादकता मोजण्याचा रूढ आकडा आहे ५२५. वर्गात ३५ विद्यार्थी, आठवड्याला १५ तास, गुणाकार ५२५. इतिहासाचा भरगच्च वर्ग तो सहज गाठतो. नर्सिंगच्या प्रात्यक्षिकात एका शिक्षिकेच्या हाताखाली दहा-बारा जणच असतात, तिथे निम्माही पल्ला गाठला जात नाही. म्हणून नर्सिंग अकार्यक्षम? (हा प्रश्न रुग्णालयाच्या खाटेवर पडून सोडवावा.)

अमेरिकी केंद्र सरकारचा पदवीप्राप्तीचा जुना निकषही असाच तोकडा: पहिल्यांदाच प्रवेश घेतलेले पूर्णवेळ विद्यार्थी आणि तीन वर्षांची मुदत. या कॉलेजांत बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, ते यात धरलेलेच नाहीत.

खर्चाचे गणित तर कधी उलटेच निघते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘एएसएपी’ योजना सुरू केली. सल्लागार, प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत. दर विद्यार्थ्यामागचा खर्च साहजिकच चढला. पण तुलनात्मक अभ्यासात योजनेतल्या ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी मिळवली. योजनेबाहेर हेच प्रमाण २२ टक्के होते. दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला.